कांडी क्रमांक तेरा ते अठरा

केळं हे फळ वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोलायला सोपं, चावायला मऊ, आणि निसर्गानेच वेष्टण दिलेलं असल्यामुळे त्यावर बारीक अक्षरात काही छापलेलं नसतं. मुंगीच्या आईला केळ्याचा हा शेवटचा गुण फार मोलाचा वाटे. कारण गेली तीनेक वर्षं तिचा निम्मा जन्म दुकानात उभं राहून पाकिटांच्या पाठी वाचण्यात गेला होता. 'दुधाची भुकटी', 'दुधाचे घन पदार्थ', आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'दुधाचे अंश असू शकतात'. असू शकतात म्हणजे काय? आहेत की नाहीत? असं मोघम उत्तर तिने कॉलेजच्या तोंडी परीक्षेत दिलं असतं तर सरांनी तिला दार दाखवलं असतं. पण बिस्किटवाल्यांना कोण विचारणार.

"लोक कादंबऱ्या वाचतात," तिचा नवरा म्हणायचा, "आमच्याकडे बिस्किटं वाचतात."

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. नाव शाळेच्या दाखल्यावर दुसरंच होतं, पण गोडाचा वास हिला भिंतीपलीकडून लागतो हे ध्यानात आल्यापासून घरात ती मुंगीच झाली. आणि दैवाची गंमत अशी की नेमकं या मुंगीला दूध चालत नव्हतं. दूध, लोणी, साय, दह्याचा थेंबसुद्धा नाही. तिच्या शाळेत कुणाचाही वाढदिवस असला की आइस्क्रीम वाटत. वर्गात बावीस मुलं. एकवीस वाट्या आणि एक केळं. बाई ते केळं मायेने सोलून, वेगळ्या ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवत, आणि शेजारच्याच्या वाटीतलं काही उडू नये म्हणून तिला बाकाच्या अगदी टोकाला बसवत. हे टोकाला बसवणं मुंगीच्या आईनेच लिहून दिलेल्या सूचनांमधलं होतं. सूचना क्रमांक चार.

मुंगीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण सहावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला तेव्हा वेणी घालून घेता घेता ती आरशातल्या आईला म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला पण मला केळंच?"

"तुला काय हवं?"

मुंगीने विचार केला. "सगळ्यांचं आणि माझं सारखं असलं तर मला मधे बसता येईल ना?"

मुंगीच्या आईच्या हातातला कंगवा जागीच थांबला. "येईल," ती म्हणाली. "तू मधेच बसशील." आणि वेणी इतकी घट्ट ओढली की मुंगी ओरडली.

वचन देताना माणसाने निदान स्वतःच्या फ्रीझरकडे एकदा बघून यावं. पण मुंगीच्या आईला ते भान नव्हतं.

बेत साधा होता. काडीवर लावलेली चॉकलेटची थंडगार कांडी. दूध अजिबात नाही आणि साखर अगदी बेताची. कारण शाळेने नुकतीच 'पालकांनी अति गोड पदार्थ आणू नयेत' अशी नोटीस लावली होती. घटक: कोको, नारळाचं दूध, थोडा खजूर. साचे आणले. एका साच्यात सहा कांड्या. पहिला घाणा तिने शनिवारी केला, आणि खजूर जपून, नारळाचं दूध जपून, पाणी मात्र सढळ हाताने घातलं. काटकसर आणि आरोग्य या दोन्ही गोष्टी तिला लहानपणापासून एकच आहेत असं शिकवलं होतं.

रविवारी दुपारी घरातली मंडळी चव घ्यायला बसली. घरात मंडळी म्हणजे नवरा, मुंगी आणि आजोबा. आजोबा म्हणजे मुंगीच्या आईचे सासरे. एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि ती चौतीस वर्षं त्यांच्यातून अजून निघाली नव्हती. घरात ते आलेल्या पोस्टावर तारीख घालत. गिरणीत दळण टाकलं तर त्याची पावती मागत. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना शाल वगैरे न देता 'तपासले' असा रबरी शिक्का दिला होता, आणि तो त्यांनी कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला होता.

आजोबांना मधुमेह. पण साखर बेताची आहे हे ऐकल्यावर ते सगळ्यांच्या आधी पुढे सरसावले. "नमुना मी तपासतो," म्हणाले आणि त्यांनी कांडीचा चावा घेतला. मग त्यांनी तोंड बाजूला केलं. कांडी होती तिथेच होती. त्यांची वरची कवळीही तिथेच, कांडीत रुतून हसत होती.

घरात कुणी हसलं नाही, यावरून ते घर किती सुसंस्कृत होतं ते कळेल. मुंगी फक्त म्हणाली, "आजोबा, तुमचे दात खातायत, तुम्ही नाही."

कांडीचा दगड का झाला हे तळमजल्यावरच्या इंजिनिअरकाकांनी समजावून सांगितलं. ते पूर्वी शीतगृहाच्या यंत्रांवर होते, आणि थंडी या विषयावर त्यांना कुणी काही विचारावं याची ते किती वर्षं वाट बघत होते कोण जाणे. त्यांनी तिला पाऊण तास बसवून घेतलं. "साखर कमी, स्निग्धपणा कमी. मग राहिलं काय? पाणी. पाण्याला थंड केलं की काय होतं?" त्यांनी थांबून तिच्याकडे पाहिलं. एम.ए. झालेल्या बाईला बालवाडीतला प्रश्न विचारल्यावर जसं वाटेल तसं तिला वाटलं.

"बर्फ होतो," ती म्हणाली.

"शाब्बास. आता पाण्याऐवजी काहीतरी मऊ, दाट घाला. पिकलेलं केळं घाला."

म्हणजे शेवटी केळंच. पण आता मानापमान बघायला वेळ नव्हता.

दुसरा घाणा केळ्याचा झाला. दात शाबूत राहिले. पण कांडीला लसणाचा असा काही दरवळ सुटला होता की मुंगीने नाक धरलं. फ्रीझरमध्ये सोललेल्या लसणाची पिशवी होती, आणि लसूण हा शेजाऱ्यांसारखाच असतो. भिंत असली तरी त्याचं काही अडत नाही.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर वरच्या काकूंबद्दल सांगायला हवं. काकू बरोबर डोक्यावरच्या घरात राहत. मायाळू होत्या, एकट्या होत्या, मुलं दूरदेशी होती, त्यामुळे त्यांची सगळी माया जिन्याने खाली वाहत असे. दुधाचं प्रकरण मात्र त्यांना मुळातच मान्य नव्हतं.

"अगं, दूध चालत नाही म्हणजे काय," त्या जिन्यात गाठून म्हणत. "दूध कुणाला चालत नाही असं असतं का? आमच्या वेळेला असलं काही नव्हतं. माझ्या नणंदेच्या पुतण्याला असंच अंगावर उठायचं. थोडं थोडं पाजत गेले. आता घोड्यासारखा आहे."

"बरं काकू," मुंगीची आई म्हणे. 'चालत नाही' यापलीकडे ती कुणालाच काही सांगत नसे. सांगायला गेलं की तिचा आवाज कापे, आणि आवाज कापला की लोक दुधावरून विषय काढून तिच्याच तब्येतीवर आणत. 'तू फार ताण घेतेस' हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचाच तिला ताण येई.

तिसरा घाणा जमला. पिकलेली केळी गुळगुळीत घोटून, नारळाचं दाट दूध, कोको, भिजवलेला थोडा खजूर; आणि लसूण फ्रीझरमधून हद्दपार. मुंगीने कांडी चाटली, डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. "अजून," ती डोळे मिटूनच म्हणाली. मुंगीच्या आईने स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड केलं आणि उगाचच तो दोनदा पुसला.

आता शाळा. शाळेच्या ऑफिसातले कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पदार्थ दुकानचा की घरचा?"

"घरचा."

"मग उत्पादकाचं नाव?"

"मीच."

"पत्ता?"

"घरचाच."

"उत्पादकाचा शिक्का लागेल."

"मी आई आहे. माझ्याकडे शिक्का कुठला?"

"ते मी कसं सांगू," कारकून सौम्यपणे म्हणाले. "घटकांची यादी, कुठे बनवला, कुठे ठेवला, कुणी तपासला, खाली सही आणि शिक्का. नाहीतर दुकानचं आइस्क्रीम आणा. त्याला काही लागत नाही."

ती घरी आली ती धुसफुसतच. जे पाकीट वाचायला भिंग लागतं ते चालतं, आणि जिने प्रत्येक खजूर उजेडात धरून बघितला तिचं चालत नाही. हे सगळं तिने जेवताना मोठ्याने सांगितलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, मी बोलतो त्यांच्याशी," म्हणजे तो बोलणार नव्हता. आजोबा मात्र हळूच ताट सारून उठले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात शिक्का होता, दुसऱ्या हातात लांबट जाड वही, आणि चेहऱ्यावर असं तेज की निवृत्तीनंतर ते कुणी पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, हे प्रकरण माझ्याकडे दे."

त्या दिवसापासून त्या घरात कांड्या राहिल्या नाहीत, प्रकरण सुरू झालं. आजोबांनी वहीवर 'आवक-जावक' असं लिहिलं, रकाने आखले, आणि पिशवीतल्या प्रत्येक लाकडी काडीच्या खालच्या टोकाला पेन्सिलीने नंबर घातले.

"बाबा, कांड्या आहेत हो त्या," मुंगीची आई म्हणाली. "कैदी नाहीत."

"नंबर नसलेली वस्तू ही हरवलेलीच वस्तू असते," आजोबा म्हणाले. "फक्त अजून कळलेलं नसतं."

नवऱ्याने "कैदी नंबर सात हाजिर हो" असा पुकारा करायला सुरुवात केली. मुंगीची आईही हसली. पण आजोबांनी लिहिलेला अर्ज, त्यासोबतची यादी आणि खाली 'तपासले' असा जांभळा शिक्का पाहून शाळेच्या कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद दोन हातांनी धरला आणि म्हणाले, "याला म्हणतात अर्ज." मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

वर्गात बावीस मुलं, वर्गाच्या बाई आणि मदतनीस मावशी, असे चोवीस जण. पडझड धरून तीस कांड्या करायच्या ठरल्या. तीस म्हणजे पाच साचे. घरच्या फ्रीझरमध्ये आडवे दोनच बसत. म्हणून बुधवारी मिश्रण घोटून साच्यांत ओतलं, आणि दोन साचे घरी, एक इंजिनिअरकाकांकडे, एक समोरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे आणि एक वरच्या काकूंकडे अशी रवानगी झाली. मुंगीच्या आईने प्रत्येक साच्यावर 'कृपया उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. लोकांना उघडू नये असं लिहून देणं म्हणजे उघडायचं आमंत्रणच, हे तिच्या त्या वेळी लक्षात आलं नाही. आजोबा वही घेऊन जिना चढत-उतरत होते. "हे काय घेऊन फिरताय, तपासनीस आलेत की काय," असं ताईंनी विचारलं म्हणतात.

गुरुवारी दुपारी सगळ्या कांड्या साच्यांतून सुटल्या. मुंगीच्या आईने एकेक कांडी लोणीकागदात गुंडाळून मोठ्या डब्यात रचली. मटारची पिशवी बाहेर काढल्यावर डबा घरच्या फ्रीझरमध्ये बरोबर बसला. ती मोजायला लागली तर आजोबा घाईने म्हणाले, "मोजायची गरज नाही. नोंद आहे." ती दमली होती. जन्मात पहिल्यांदा तिने न मोजता झाकण लावलं.

संध्याकाळी सहाला वरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. टेकल्या. पाणी प्यायल्या.

"जमल्या ना गं छान?"

"छान जमल्या. तुमच्यामुळे जागा मिळाली."

"जागेचं काय. मी म्हटलं, पोरीचा वाढदिवस, आणि अशा कोरड्या कोरड्या काय द्यायच्या. घट्ट व्हायच्या आधीच प्रत्येकीत दोन-दोन चमचे साय ढवळली. घरची आहे हो, बाहेरची नाही."



मुंगीची आई उठली. फ्रीझर उघडला, डबा काढला, ओट्यावर ठेवला. पुड्याच पुड्या, सगळ्या एकसारख्या. एक सोडून तिने दिव्याखाली धरली. तपकिरी. दुसरी धरली. तपकिरी. कोको हा फार गुप्तता पाळणारा पदार्थ आहे. त्याच्या पोटात काय गेलंय ते तो रंगावरून कळू देत नाही. तिने वास घेतला. नवरा नुकताच दारातून आत आला होता, त्यानेही वास घेतला. त्याला चॉकलेटचा वास आला.

"चाटून बघूया," तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते वाक्य परत घेतलं.

"तिला यातली एक मिळाली असती," ती म्हणाली. "मी स्वतःच्या हाताने दिली असती."

"अगं, दोन चमचे," काकू म्हणाल्या. "दोन चमच्यांनी काय..."

मग मुंगीच्या आईने जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आवाज कापला, कापू दिला. मुंगी अडीच वर्षांची असताना कुणाच्या तरी घरी कुणीतरी मायेनेच एक चमचा खीर भरवली होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग डोळे, मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हॉस्पिटलपर्यंतच्या वाटेत ती मुंगीच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक श्वास मोजत होती. तेव्हापासून ती सगळंच मोजते. आज तेवढं मोजलं नाही.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "तू हे कधी बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "तू म्हणायचीस चालत नाही. मला वाटलं, चालत नाही म्हणजे... हल्लीच्या मुलांना भाजी चालत नाही तसं."

त्यांचंही खरंच होतं.

"सगळ्या टाकून देऊ," मुंगीची आई म्हणाली. "आणि उद्या शाळेत केळं नेऊ."

बैठकीच्या खोलीत मुंगी चित्र काढत होती. लांब बाक, त्यावर पुष्कळ गोल डोकी, मधल्या डोक्याला दोन वेण्या. ते दारातून सगळ्यांना दिसत होतं.

आजोबा इतका वेळ खांबासारखे उभे होते. आता ते खाकरले. "वरच्या मजल्यावर कुठले नंबर गेले त्याची नोंद आहे," ते म्हणाले.

तिने मान वर केली. वहीचा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. ज्या गोष्टीला आपण हसतो ती वेळेला आठवत नाही.

"बघू द्या."

पण आजोबांनी वही छातीशी धरली. "मी वाचून दाखवतो. तेरा ते अठरा. जावक, वरचा मजला, बुधवार, पाच वाजून दहा मिनिटं."

"मला स्वतः बघायचंय, बाबा."

"मूळ दस्तऐवज असा कुणाच्या हाती..."

"बाबा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी तिच्या तोंडात काही घालणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही. देवाने सांगितलं तरी नाही."

आजोबा एकदा मुंगीच्या चित्राकडे बघून आले. मग त्यांनी वही ओट्यावर ठेवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नोंद स्वच्छ होती. तेरा ते अठरा, वरचा मजला. आवक गुरुवार, दुपारी दोन. तिने बोट ठेवून दोनदा वाचलं. मग नजर शेवटच्या रकान्यावर गेली. रकान्याचं नाव 'शेरा'. घरच्या दोन साच्यांच्या ओळीत, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'क्र. ४, ७, ९, १२. गुरुवार, पहाटे साडेपाच ते सकाळी अकरा, टप्प्याटप्प्याने. जावक, तपासणीसाठी. चव समाधानकारक.' आणि शेजारी शिक्का.

नवऱ्यानेही ते तिच्या खांद्यावरून वाचलं. "बाबा, चार? तुमची शुगर..."

"नोंद केली आहे," आजोबा खिडकीला उद्देशून म्हणाले.

"न लिहिता खाल्ल्या असत्यात तर कुणाला कळलंही नसतं."

आजोबा वळले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज रेकॉर्ड विभागाचा होता. "एक नोंद खोटी निघाली की अख्खी वही खोटी होते. मग आज तुम्ही तिच्यावर भरवसा ठेवला असता का?"

चोरी करावी आणि तिची पावती स्वतःच फाडून ठेवावी, असा चोर मुंगीच्या आईने पाहिला नव्हता. तिला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती हसली.

मग सगळे कामाला लागले. पुड्या सोडून काड्यांची टोकं बघितली. तेरा ते अठरा, सहाच्या सहा सापडल्या. त्या काकूंच्या स्वाधीन झाल्या. उरल्या वीस. लागणार होत्या चोवीस. म्हणजे आणखी एक साचा. केळी होती, मुंगीच्या घरात केळी नाहीत असा दिवस उजाडला नव्हता. मुंगीच्या आईने ओटा, भांडी आणि पळ्या गरम पाण्याने धुतल्या आणि मग पुन्हा धुतल्या.

काकू सहा कांड्या वर ठेवून परत आल्या. दारातच उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे केले, पंजे उलटेसुलटे करून दाखवले. कोपरापर्यंत ओले होते. "तीनदा धुतलेत," म्हणाल्या. "साडी पण बदलली. केळी मी घोटू का? तू माझ्याकडे बघत बस हवं तर."

"बघत बसणारच आहे," मुंगीची आई म्हणाली आणि तिने त्यांना पाट दिला.

काकूंनी केळी घोटली आणि मुंगीची आई बघत बसली. आजोबांनी नव्या काड्यांवर एकतीस ते छत्तीस नंबर घातले, आणि या वेळी कुणी पुकारा केला नाही.

शुक्रवारी सकाळी डबा जुन्या ब्लँकेटात गुंडाळून नवऱ्याने शाळेत नेला. बाळंतिणीला धरून न्यावं तसा नेला. कारकुनांनी फाटकातच अडवलं. "मंजुरी आहे," मुंगीची आई म्हणाली. "आहे, आहे," कारकून म्हणाले. "एक नमुना ऑफिसला द्यावा लागतो." असा नियम कुठे लिहिला आहे हे तिने विचारलं नाही. काही वह्या न बघितलेल्याच बऱ्या. नमुना क्रमांक बावीस ऑफिसात गेला.

वर्गात बाकांची एक लांब रांग केली होती. मुंगी मधे बसली होती. डावीकडे अकरा जण, उजवीकडे दहा. आई दाराशी, पर्समधल्या औषधाच्या डबीवर हात ठेवून उभी होती. मुंगीला दिलेली कांडी तेहतीस नंबरची होती. ती डोळ्यांदेखत घोटलेली, डोळ्यांदेखत ओतलेली आणि रात्री दोनदा उठून बघितलेली होती.

एकवीस मुलांनी तोंडं लावली. एका मुलाने तोंड वाकडं केलं. "कडू आहे."

"सुरुवातीला कडू आहे," मुंगी अनुभवी स्वरात म्हणाली. "मग गोड होतं. थांब."

तो थांबला. मग त्याने शेजारणीची उरलेली मागितली, आणि तिने दिली नाही. वर्गाच्या बाईंनी काडी दोन्ही बाजूंनी चाटली आणि कुणी बघितलं नाही ना ते पाहिलं. मुंगीच्या दोन्ही कोपरांना दोन्हीकडची कोपरं लागत होती, तिच्या बाहीवर कुणाचं तरी चॉकलेट सांडलं होतं, आणि ती ते पुसत नव्हती. तिच्या आईचा हात डबीवरून कधी निघाला ते तिलाही कळलं नाही.

घरी येताना मुंगी मधेच थांबली. "आई, त्यात केळं होतं ना?"

"होतं."

"म्हणजे आज सगळ्यांनी माझं केळं खाल्लं," मुंगी म्हणाली, आणि उड्या मारत पुढे गेली.

डब्यात एक कांडी उरली होती. क्रमांक छत्तीस. मुंगीच्या आईने ती ताटलीत ठेवून सुरीने बरोबर मधून कापली. मग वही मागितली. आजोबांनी या वेळी मुकाट्याने दिली. तिने लिहिलं: 'क्र. ३६. जावक. अर्धी, आजोबांना. परवानगीने.'

आजोबांनी चष्मा लावून वाचलं. "आणि उरलेली अर्धी?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की पंधरा दिवसांत तिने चमच्याच्या टोकाने चाखली होती तेवढीच. अख्खी कांडी एकदाही खाल्ली नव्हती. ती आजोबांशेजारी खुर्चीवर बसली, कांडीचा वरचा अर्धा भाग आजोबांकडे, काडीसकट खालचा अर्धा तिच्याकडे. नंबर तिच्याकडच्या टोकाला आला होता.

"लिहा तुम्हीच," ती खाता खाता म्हणाली. "तपासणीसाठी."

आजोबांनी लिहिलं. मग शिक्क्यावर फुंकर घातली आणि दोन्ही नोंदींच्या मधोमध, जरा जोरातच, मारला.